इंग्रजी व्याकरण आणि पाठांतराचा ताल

जबलपुरातील हितकारिणी सभा १८६८ साली स्थापन झाली. तिची शाळा दीक्षितपुऱ्यात आहे. हिंदीचे प्रसिद्ध व्याकरणकार कामताप्रसाद गुरु याच नगरीत राहत. अशा गावातील मराठी घरांतल्या मुलांची इंग्रजी व्याकरणापुढे मात्र कुचंबणा होते. घरी मराठी, गल्लीत हिंदी. या दोन भाषा नकळत अंगवळणी पडतात. तिसरीचे नियम घोकावे लागतात, आणि चुकण्याच्या भयाने मूल तोंडच उघडीत नाही.

पाठांतर सुलभ करण्याची कला आपल्याला नवी नाही. वृत्तांचे आठ गण आपल्या पूर्वजांनी ‘यमाताराजभानसलगा’ या एका सूत्रात गोवले. विभक्तींचे प्रत्यय तर आपण सारेच तालावर शिकलो. मग इंग्रजीलाच ही सवलत का नसावी?

‘सोमवारी’, ‘सकाळी’, ‘रात्री’ या तिन्हींना मराठीत एकच ‘ई’ पुरते. इंग्रजीत मात्र ‘ऑन मंडे’, ‘इन द मॉर्निंग’ आणि ‘ॲट नाइट’! येथे दोन ओळी उपयोगी पडतात:

घटकेस ॲट, तिथीस ऑन,
मासास, वर्षास इन हे जाण.

‘सकाळ’ आणि ‘रात्र’ यांत बसत नाहीत. ती निराळी पाठ करावी.

‘ही डिड नॉट वेन्ट’ ही चूक तर घरोघरची. तिचे मूळ आपल्याच भाषेत आहे. ‘तो गेला नाही’ म्हणताना भूतकाळ ‘गेला’ या शब्दातच राहतो, हिंदीतही तसेच. इंग्रजीत तो भार ‘डिड’ उचलतो. म्हणून, ‘डिड उभा दारी, मूळ रूप घरी.’ कारण समजावून मगच ही ओळ द्यावी, नाहीतर ती नुसती बडबड ठरते.

यमक कधी फसवतेही. सिंग-सँग, रिंग-रँग म्हणता म्हणता मूल ‘ब्रिंग-ब्रँग’ म्हणून मोकळे होते. ‘ब्रिंग’ला थिंक-थॉट, बाय-बॉट यांच्या पंक्तीत बसवावे. ‘आय’ आधी की ‘ई’ आधी, हा स्पेलिंगचा सुप्रसिद्ध यमकबद्ध नियमही ‘सायन्स’ आणि ‘वीअर्ड’ या शब्दांपुढे हात टेकतो.

ओळ पाठ झाली की आईने अथवा आजोबांनी तीच पुनःपुन्हा म्हणवून घेऊ नये. ‘शाळा किती वाजता सुटते?’, ‘ग्वारीघाटावर कोणत्या वारी गेलो होतो?’ असे विचारावे. उत्तर इंग्रजीत यावे. ते अडखळत आले तरी मध्येच तोडू नये.