शकुंतलेचं डिझेल इंजिन कोणाचं?

शकुंतला या नॅरोगेज गाडीचा विषय निघाला की वऱ्हाडात जो तो मँचेस्टरला पोचतो. 1921 साली तिथे बनलेलं झेडडी वर्गाचं वाफेचं इंजिन सत्तर वर्षं या रुळांवर राबलं, हे सांगताना माणसं जरा ताठ होतात. होऊ द्या. पण 15 एप्रिल 1994 ला ते इंजिन बाजूला झालं आणि गाडीला डिझेल इंजिन लागलं. आज चाळिशीत असलेला दर्यापूर-अंजनगावचा माणूस ज्या शकुंतलेने मामाच्या गावाला गेला, ती डिझेलवरची. तिच्या जतनाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

गाडी कशी चालायची ते बघा. फाटकाअलीकडे थांबायची. गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून परत चढायचा. तिकीटही गार्डच फाडायचा. मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर, त्याला चारेक तास. दुसरा फाटा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला, 113 किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लायनीवर आणून मुंबई बंदराकडे धाडायचा, एवढ्यासाठी किलिक निक्सनच्या कंपनीने हे अडीच फुटी रूळ टाकले. स्वातंत्र्यानंतरही मालकी कंपनीचीच राहिली. गाडी रेल्वेने चालवायची आणि मोबदला कंपनीने घ्यायचा, असा तो व्यवहार. त्यात रुळांच्या डागडुजीला वाली उरला नाही आणि गाडी थांबली.

आता ब्रॉडगेजची मागणी आहे आणि ती रास्तच आहे. अचलपूरच्या माणसाने आठवणींसाठी एसटीत उभं राहून प्रवास का करावा? पण रूळ उखडण्याआधी मूर्तिजापूर ते लाखपुरी एवढा तुकडा राखायला काय हरकत आहे? लाखपुरीला पूर्णा नदीकाठी लक्षेश्वराचं देवस्थान आहे, म्हणजे प्रवाशांची चिंता नको.

आणि त्यावर चालवायचं ते डिझेलच. वाफेच्या इंजिनाला पाणी हवं, कोळसा हवा, बॉयलरची तपासणी हवी, पेटवल्यावर वाफ धरायला काही तास हवेत. सणावारी ते काढावं. रोजचं काम डिझेलने करावं. माथेरानच्या गाडीला डिझेल इंजिन आहे, म्हणून पर्यटक नेरळहून परत फिरल्याचं ऐकिवात नाही. इंग्लंडमध्ये 1968 ला मुख्य मार्गांवरची वाफ संपली, तेव्हा तिथल्या रेल्वेवेड्यांनी डिझेलला शिव्या घातल्या. पुढे 1982 पर्यंत डेल्टिक नावाची डिझेल इंजिनंही निवृत्त झाली, तेव्हा त्यांतली सहा वाचवायला हौशी मंडळीच धावली. एकूण होती 22. आपल्याकडे मात्र इंजिन शंभरीचं झालं की वारसा, चाळिशीचं असलं की भंगार!

नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, चांगलं आहे. पण तिथे इंजिन बघायचं असतं, त्यामागे बसून जायचं नसतं. शिवाय शकुंतलेची डिझेल इंजिनं हाताळलेली माणसं अजून मूर्तिजापुरात असतील, तोवरच त्यांच्याकडून काम शिकून घेता येईल.

अमरावती आणि अकोल्याच्या खासदारांना एवढंच सांगणं: ब्रॉडगेजचा पाठपुरावा जोरात करा, पण त्या निविदेत लाखपुरीपर्यंतचे जुने रूळ आणि एक चालू डिझेल इंजिन राखण्याचं कलम आधी घालून घ्या.