दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्रावर अलगद उतरले आणि साऱ्या देशाने ते डोळे भरून पाहिले. त्याआधी काही आठवडे इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०१९ च्या अपयशाचे जे विश्लेषण जाहीरपणे मांडले होते, त्याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. विक्रमच्या इंजिनांनी अपेक्षेपेक्षा किंचित अधिक जोर दिला, लहान लहान त्रुटी साचत गेल्या आणि त्या सुधारण्यासाठी यानाला झपाट्याने वळावे लागले तेव्हा वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरने घातलेली मर्यादा आड आली. उतरण्याची जागाही जेमतेम ५०० मीटर लांब-रुंद ठरवलेली होती. चांद्रयान-३ ची आखणी करताना प्रश्नच बदलण्यात आला: काय काय बिघडू शकते, आणि ते बिघडले तरी यान सुखरूप कसे उतरेल? उतरण्याचे क्षेत्र ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर झाले, ते याच विचारातून.

हा प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्याला कुठे लागावी? त्यासाठी एक विषय आपल्या विद्यापीठांत कधीचा आहे. १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या परिषदेने ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हे नाव रूढ केले, तेच मुळी मोठे प्रोग्राम वेळेत आणि भरवशाचे तयार होत नाहीत या काळजीपोटी. आज हा विषय संगणकशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात आहे आणि बहुतेक ठिकाणी तो सर्वांत कंटाळवाणा मानला जातो. वॉटरफॉल, स्पायरल, अ‍ॅजाइल यांच्या आकृत्या, त्यांतील फरकांचे तक्ते आणि सुबक बांधलेले एक जर्नल, एवढ्यावर सत्र संपते.

दोष विद्यार्थ्यांच्या आळसाचा नाही. दुखणे न भोगलेल्या माणसाला औषध पाजले तर ते कडूच लागणार. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या मुलाने तोवर शे-दोनशे ओळींचे प्रोग्राम एकट्याने लिहिलेले असतात आणि तोंडी परीक्षा झाली की ते कायमचे मिटलेले असतात. बदलांची नोंद, चाचण्या, आवश्यकतांचा दस्तऐवज हे सारे त्याला कर्मकांड वाटते, कारण स्वतःचाच कोड सहा महिन्यांनी अनोळखी होतो हा अनुभव त्याला आलेलाच नसतो.

या संदर्भात भिलाईचा विचार करण्याजोगा आहे. नागपूरहून गोंदिया ओलांडून पूर्वेला निघालेल्या रेल्वेमार्गावरचे हे पोलादाचे गाव. सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहिलेल्या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली आणि भारतीय रेल्वेच्या रुळांचा मोठा वाटा तेव्हापासून इथूनच जातो. रूळ बाहेर पडण्यापूर्वी त्याची अल्ट्रासोनिक तपासणी होते, कारण आत दडलेली चीर डोळ्यांना दिसत नाही. याच शहरात २०१६ मध्ये सुरू झालेली आयआयटी आहे. आरंभीची काही वर्षे रायपूरच्या उसन्या जागेत काढून ती कुटेलाभाटा येथील स्वतःच्या परिसरात आली आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी त्या परिसराचे लोकार्पण झाले. राज्यभरातील अभियांत्रिकी महाविद्यालये ज्याला संलग्न आहेत, ते २००५ मध्ये स्थापन झालेले स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठही इथलेच.

अशा गावात शिकणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे की पोलादाची अभियांत्रिकी आणि सॉफ्टवेअरची अभियांत्रिकी एकाच जातीच्या असाव्यात. त्या तशा नाहीत, आणि पहिल्या तासाला हेच शिकवायला हवे. पोलादाचा तुकडा एक टक्का कमी जाडीचा निघाला तर तो साधारण तेवढाच दुबळा होतो. म्हणून अभियंता सुरक्षेसाठी थोडी अधिक जाडी ठेवून निश्चिंत होऊ शकतो. प्रोग्रामला अशी जाडी नसते. सोळा बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ३२,७६७ ही संख्या सुखाने मावते आणि ३२,७६८ मावत नाही. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले ते याच कड्यावरून घसरून. चौसष्ट बिटांची एक संख्या सोळा बिटांत बसवण्याचा प्रयत्न फसला. तो कोड एरियान-४ वरून आणलेला होता आणि तिथे तो चोख चालत असे. नव्या रॉकेटचा आडवा वेग अधिक होता, एवढाच फरक. मुख्य यंत्रणेला राखीव यंत्रणेची जोड होती, पण दोन्हींत तेच सॉफ्टवेअर असल्याने दोन्ही एकाच कारणाने बंद पडल्या. ज्या गणनेमुळे हे घडले, तिची उड्डाणानंतर गरजही नव्हती!

दुसऱ्याने, दुसऱ्या परिस्थितीसाठी लिहिलेला प्रोग्राम समजून घेऊन जबाबदारीने बदलणे, हा या विषयाचा गाभा आहे. मग पहिला अभ्यासक्रमही तिथूनच का सुरू होऊ नये? वसतिगृहाच्या खानावळीचा हिशेब ठेवणारा एखादा प्रोग्राम घ्यावा. एका तुकडीने तो लिहावा, पुढच्या तुकडीने त्यात सुट्टीच्या दिवसांची वजावट घालावी, तिच्या पुढच्या तुकडीला नियम बदलल्याचे सांगावे. तिसऱ्या वर्षी त्या प्रोग्रामचा जो गुंता झालेला असेल, तीच शिक्षकाची खरी पुंजी. चाचण्या का लिहायच्या, हे मग फळ्यावर लिहावे लागत नाही. आदल्या तुकडीला शिव्या घालणारा मुलगा आपल्या कोडला नीट टीप जोडतो, कारण पुढच्या वर्षी शिव्या कोणाला पडणार हे त्याला उमगलेले असते.

यावर आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. आयआयटीतील शिक्षक आपल्या विषयाची परीक्षा स्वतः ठरवतो. संलग्न महाविद्यालयातील शिक्षकाला अभ्यासक्रमही वरून येतो आणि प्रश्नपत्रिकाही. समोर पूर्ण वर्ग, अंतिम परीक्षा तीन तासांची, कोऱ्या कागदावर, प्रत्येकाने एकट्याने द्यायची. अशा परीक्षेत आकृत्या मागणे सोपे जाते. परंतु कागदावरही वेगळे विचारता येते. चाळीस ओळींचा कोड छापावा आणि विचारावे: हा कोणत्या संख्येला कोसळेल? गरज अशी बदलली तर कोणत्या ओळींना हात लावाल, कोणत्यांना लावणार नाही, आणि का? असे दोन प्रश्न सक्तीचे केले तरी वर्गातले शिकवणे आपोआप वळेल. आपल्याकडे प्रश्नपत्रिका हाच खरा अभ्यासक्रम असतो.

मागितल्याबरोबर कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आल्यावर हा विषय कालबाह्य झाला, असेही बोलले जाते. प्रत्यक्षात आता विद्यार्थ्यासमोर येणारा बहुतेक कोड पहिल्या दिवसापासूनच दुसऱ्याचा असणार आहे, आणि ज्याने तो लिहिला त्याला जाऊन विचारण्याचीही सोय नाही. तो वाचता येणे, त्याची कड कुठे आहे हे शोधणे आणि तो स्वीकारण्यास वेळप्रसंगी नकार देणे, याला पूर्वी कधी नव्हते इतके महत्त्व आले आहे. भौतिकशास्त्र, हवामान, जीवशास्त्र यांतील संशोधनही आज ज्या प्रोग्रामांवर उभे आहे, त्यांतले पुष्कळसे हा विषय कधीच न शिकलेल्या संशोधकांनी लिहिलेले आहेत. त्यामुळे हा वर्ग संगणकशाखेपुरता राखीव ठेवण्याचेही कारण उरत नाही.

राहता राहिली एक व्यावहारिक अडचण: पहिल्या तुकडीला वारसा मिळत नाही. त्यावर उपाय साधा आहे. बहुतेक महाविद्यालयांत हजेरीचा किंवा ग्रंथालयाचा एखादा जुना प्रोग्राम रखडत चालू असतो आणि तो लिहिणारा केव्हाच निघून गेलेला असतो. त्याची एक प्रत, नावे-क्रमांक काढून टाकून, पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या हाती द्यावी.