चाळिशीत सायकल शिकताना

मागून कॅरिअर धरून धावणे ही प्रौढांना सायकल शिकवण्याची सर्वांत वाईट रीत. तोल धावणारा सांभाळतो, शिकणारा नुसते पेडल मारतो. त्याऐवजी दोन्ही तळपाय जमिनीवर टेकतील इतकी सीट खाली घ्यावी, पेडल काढावीत (डाव्याचे आटे उलटे असतात!) आणि पायांनी ढकलत जावे. सायकल कलते त्याच बाजूला हँडल वळवायचे, हे शरीराला इथेच उमगते. पेडल त्यानंतर.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात महापालिकेने सायकल मार्ग आखले. पण लहानपणी सायकल हातीच न आलेल्या बायकांनी शिकायचे कुठे? शाळांची मैदाने रविवारी सकाळी त्यांच्यासाठी उघडावीत.