मृत्यूंची मोजदाद आणि मालमत्तेची वाटणी

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे दारिद्र्य आणि त्यांचे अकाली मरण यांचा संबंध शोधणाऱ्या संशोधनास पैसा कोणी पुरवावा, हा प्रश्न वरवर विद्यापीठीय भासतो. वस्तुतः तो सत्तेचा प्रश्न आहे.

आकडे बोलके आहेत. 2022 च्या मध्यवर्ती बँकेच्या पाहणीनुसार मध्यम गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता सुमारे 2 लाख 85 हजार डॉलर, तर कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे 45 हजार. 2021 मध्ये दर लाख जन्मांमागे सुमारे 70 कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्या माता सुमारे 27. ही तफावत दैवाने आलेली नाही. 1865 मध्ये जनरल शर्मनने मुक्त गुलामांसाठी चाळीस-चाळीस एकर जमीन राखून ठेवली. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने ती जुन्या मालकांना परत देवविली. 1930 नंतरच्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगवल्या आणि तेथे कर्ज मिळणे दुरापास्त झाले. गोऱ्याचे घर मुलांच्या शिक्षणाची व आजारपणाची पुंजी झाले. कृष्णवर्णीय भाडे भरीत राहिला.

अशा अन्यायाची गणती हवीच. म्हणूनच वांशिक आरोग्य-विषमतेवरील अनेक संशोधनांची अनुदाने 2025 मध्ये ट्रम्प सरकारने रद्द केली, त्याचा निषेध केला पाहिजे. ज्याला हिशेब द्यायचा नसतो, तोच प्रथम वही जाळतो.

मग धनिकांच्या प्रतिष्ठानांकडे वळावे काय? औषधे व वैद्यकीय साहित्याच्या उद्योगातील संपत्तीतून उभे राहिलेले रॉबर्ट वुड जॉन्सन प्रतिष्ठान या विषयास पैसा देते, हे खरे. परंतु अमेरिकन कायद्यानुसार अशा प्रतिष्ठानांना आपल्या ठेवीच्या सुमारे 5 टक्केच रक्कम दरवर्षी खर्चणे बंधनकारक आहे. उरलेली ठेव बाजारात वाढत राहते. कराच्या रूपाने जो पैसा लोकांच्या हाती यावयाचा, तो दान होऊन विश्वस्तांच्या मर्जीवर जातो. ज्या संपत्तीची चौकशी व्हावयाची, तिनेच चौकशीचे प्रश्न ठरवावेत, हा कुठला न्याय?

मात्र सरकारी पैसा म्हणजे आपोआप लोकांचा पैसा, असेही नाही. 1932 ते 1972 या काळात टस्कीगी येथे सरकारी आरोग्यखात्यानेच उपदंशाने पीडित सुमारे 400 कृष्णवर्णीयांना, औषध उपलब्ध असूनही, उपचारांवाचून ठेवले. याउलट 1971 मध्ये ब्लॅक पँथर पक्षाने वस्त्यांतून मोफत सिकलसेल तपासणी सुरू केली आणि त्या आजाराकडील दुर्लक्ष चव्हाट्यावर आणले. 1972 मध्ये सरकारला त्यासाठी कायदा करावा लागला. संघटित जनतेचा रेटा असला, तरच संशोधन कृतीत उतरते.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी: धनिकांच्या संपत्तीवर कर, त्यातून सार्वजनिक संशोधननिधी, त्या निधीवर पीडितांच्या संघटनांचा अधिकार आणि प्रत्येक निष्कर्षामागे घर, वेतन व दवाखान्याचा कार्यक्रम. 1873 मध्ये महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्यांना. त्या मुक्तीला जमीन मिळाली नाही म्हणूनच आज प्रेते मोजावी लागत आहेत. वाटणीवाचून केलेली मोजदाद ही केवळ स्मशानाची नोंदवही होय.