'नेट चालंना' म्हणण्याआधी फाट्यावरची पाटी वाचा



'सर, नेट चालंना' हे वाक्य आपल्या शाळांमध्ये हजेरीइतकंच नियमित ऐकू येतं. यू-डायसची माहिती भरायची आहे, सरलमध्ये नोंदी करायच्या आहेत, दीक्षावरचा व्हिडिओ दाखवायचा आहे, लेकरांचे शिष्यवृत्तीचे आणि नवोदयचे अर्ज भरायचे आहेत. सगळ्याला नेट लागतं. ते बंद पडलं की आपण काय करतो? राउटर बंद करतो, पुन्हा चालू करतो. तरी जमलं नाही तर मोबाईल हातात घेऊन व्हरांड्यात रेंज शोधत फिरतो. शेवटी कागदपत्रं पिशवीत घालून गावातलं ऑनलाइन सेंटर गाठतो.

यात नुकसान कुणाचं होतं? जिल्ह्याचं नवोदय विद्यालय आपल्या वसमतलाच आहे. तिथं जायचं स्वप्न बघणाऱ्या पाचवीच्या पोराचा अर्ज शेवटच्या दिवशी राहिला, तर त्याला त्या प्रवेशासाठी पुढच्या वर्षी पुन्हा संधी नसते, कारण ती परीक्षा पाचवीत असतानाच द्यायची असते. 'नेट नव्हतं' हे कारण आपल्यासाठी खरं असेल, पण त्या लेकराच्या काय कामाचं?

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक शाळेत निदान एका शिक्षकाला राउटिंग टेबल वाचता आलं पाहिजे. हे इंजिनिअरचं काम नाही. पाच-दहा मिनिटं लागतात, पैसा लागत नाही आणि नेट नेमकं कुठं अडलंय ते कळतं.

टेबल म्हणजे काय?

वसमतच्या बसस्थानकातून बाहेर पडा. औंढ्याला जायचं तर एक रस्ता, परभणीला दुसरा, नांदेडला तिसरा. पुण्याला निघालेल्या नव्या ड्रायव्हरला सगळी वळणं पाठ असावी लागतात का? नाही. फाट्यावरची पाटी वाचायची, त्या दिशेनं वळायचं. पुढच्या फाट्यावर पुढची पाटी आहेच.

नेटवर आपली माहिती छोट्या छोट्या पॅकेटमध्ये अशीच जाते. प्रत्येक पॅकेटवर जायच्या ठिकाणाचा पत्ता आकड्यांत लिहिलेला असतो. वाटेतल्या प्रत्येक राउटरकडे एक यादी असते: हा पत्ता असेल तर या दारानं पाठव, तो असेल तर त्या दारानं. हीच यादी म्हणजे राउटिंग टेबल. आणि लक्षात घ्या, अशी यादी फक्त राउटरकडे नसते. तुमच्या शाळेतल्या संगणकातही ती असते आणि पहिला फाटा तोच असतो.

ही यादी तीन नियमांनी वाचली जाते.

१. जास्त नेमकी पाटी जिंकते. एका पाटीवर 'हिंगोली जिल्हा' आणि दुसरीवर 'वसमत' लिहिलं असेल, तर वसमतला जाणारा दुसरीच पाटी मानणार.

२. दोन पाट्या सारख्याच नेमक्या असतील, तर कमी मेट्रिकची निवडली जाते. मेट्रिक म्हणजे त्या रस्त्याचा खर्च समजा. आकडा लहान, तो रस्ता आधी.

३. कुठलीच पाटी जुळली नाही, तर 'बाकी सगळं इकडे' ही ओळ वापरली जाते. ती टेबलात ०.०.०.० अशी दिसते. तीही नसेल, तर पॅकेट तिथंच टाकून दिलं जातं.

पहिल्या नियमाची ताकद जगानं २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाहिली. पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्यासाठी तिथल्या सरकारी टेलिकॉम कंपनीनं यूट्यूबच्या पत्त्यांसाठी एक जास्त नेमकी पाटी लावली. ती पाटी चुकून देशाबाहेर पसरली. जगभरच्या राउटरांनी नियमाप्रमाणे नेमकी पाटी मानली आणि यूट्यूबकडे निघालेली पॅकेटं पाकिस्तानकडे वळली. जवळपास दोन तास यूट्यूब जगात बहुतेक ठिकाणी उघडत नव्हतं. सर्व्हर ठणठणीत होते, पाटी चुकीची होती.

आपल्या संगणकावर कसं बघायचं?

विंडोजच्या शोध पट्टीत इंग्रजी अक्षरं सी-एम-डी टाइप करून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिथं राउट प्रिंट असे दोन शब्द इंग्रजीत लिहा. राउटचं स्पेलिंग आर-ओ-यू-टी-ई. मध्ये एक जागा सोडा आणि एंटर दाबा. आकड्यांची मोठी यादी येईल, घाबरू नका. पाच स्तंभ असतात. डावीकडे कुठं जायचं तो पत्ता, मध्ये गेटवे म्हणजे पुढचं दार, अगदी उजवीकडे मेट्रिक. आपल्याला सुरुवातीला फक्त ०.०.०.० ची ओळ बघायची आहे.

ती ओळ नाहीच? मग संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेला नसण्याची शक्यता जास्त. आयपीकॉन्फिग ही कमांड दिली आणि तुमचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर खात्रीच समजा. पत्ता न मिळाल्यावर संगणक असा पत्ता स्वतःच घेतो. केबल नीट बसली आहे का, वायफायला जोडलंय का, हे आधी बघा. बाहेरच्या कंपनीला फोन करून इथं उपयोग नाही.

ओळ एकच आहे? तिच्यातला गेटवेचा पत्ता घ्या, बहुतेक वेळा तो १९२.१६८.१.१ असा असतो. पिंग लिहून पुढे तो पत्ता द्या. उत्तर आलं नाही, तर अडचण तुमच्या आणि राउटरच्या मध्ये, म्हणजे शाळेतच आहे. उत्तर आलं, तर ८.८.८.८ ला पिंग करा. हा गूगलचा पत्ता आहे. राउटर उत्तर देतो आणि हा देत नाही, म्हणजे रस्ता शाळेच्या बाहेर तुटला आहे. दोन्ही उत्तर देतात आणि तरी वेबसाइट उघडत नाही, तर रस्ता ठीक आहे. एकतर नावावरून पत्ता शोधण्यात अडचण आहे, म्हणजे नंबर लागतो पण फोनबुक हरवलंय. नाहीतर ती वेबसाइटच गर्दीनं दमली आहे. दुसरी एखादी साइट उघडून बघा, कळेल. अर्जाच्या शेवटच्या दिवशी हा शेवटचा प्रकार फार होतो.

ओळी दोन आहेत? इथं थांबा, कारण आपल्या शाळांमध्ये हे हमखास घडतं.

दोन दारांचा घोळ

शाळेच्या संगणकाला राउटरची केबल लावलेली असते. त्या राउटरचं बाहेरचं नेट बंद असतं. मग सर किंवा मॅडम आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करतात. संगणक हॉटस्पॉटला जोडला जातो, रेंज पूर्ण दिसते, मोबाईलवर व्हिडिओसुद्धा चालतो. तरी संगणकावर अर्ज काही उघडत नाही. सगळे चक्रावतात. कुणी म्हणतं व्हायरस आला, कुणी म्हणतं संगणकच जुना झाला.

टेबल उघडा. ०.०.०.० च्या दोन ओळी दिसतील. समजा, एक केबलच्या राउटरकडे जाते, मेट्रिक २५. दुसरी मोबाईलकडे जाते, मेट्रिक ५०. दुसरा नियम आठवा. आकडा लहान म्हणून संगणक प्रत्येक पॅकेट केबलच्याच दारानं पाठवतो. ते दार उघडं आहे, पण पुढचा पूल वाहून गेलाय. राउटर स्वतः जिवंत असल्यामुळे संगणकाला तो रस्ता चालू आहे असंच वाटतं.

उपाय? केबल काढा. एक ओळ टेबलातून जाईल, मोबाईलची राहील आणि अर्ज उघडेल. एवढ्यासाठी नवा राउटर आणायची किंवा संगणक फॉरमॅट करायची गरज नसते.

उलटंही समजून घ्या. नेट बंद असताना त्याच राउटरवरचा प्रिंटर चालतो, तो का? कारण शाळेतल्या शाळेत जाण्यासाठी टेबलात वेगळी, जास्त नेमकी ओळ असते. गावातल्या गावात फिरायला हायवे लागत नाही.

बाहेरचा रस्ता कुठं तुटला?

त्यासाठी ट्रेसर्ट ही कमांड आहे. स्पेलिंग टी-आर-ए-सी-ई-आर-टी, पुढे ८.८.८.८. पॅकेट कुठल्या कुठल्या फाट्यावरून गेलं ते ओळीनं दिसतं. एखाद्या ओळीत नुसत्या चांदण्या आल्या म्हणून लगेच दोष देऊ नका. काही राउटर उत्तर देतच नाहीत, पण पॅकेट पुढे सोडतात. पुढच्या ओळी येतायत का ते बघा. तेच दोन पत्ते आलटून पालटून येत असतील, तर दोन राउटर एकमेकांकडेच बोट दाखवतायत. पॅकेट गोल गोल फिरतंय.

कधीकधी दोष आपल्या हाताबाहेरच असतो, हेही मान्य करायला हवं. ४ ऑक्टोबर २०२१ आठवतो? कोरोनातल्या बंदीनंतर त्या दिवशी राज्यात ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग पुन्हा सुरू झाले होते. त्याच रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळं बंद पडलं, ते जवळपास सहा तास. कितीतरी जणांनी फोन बंद-चालू केले, रिचार्ज तपासले. दुरुस्तीच्या वेळी दिलेल्या एका आदेशामुळे फेसबुकचं स्वतःचं जाळं तुटलं आणि त्यांच्या नावाचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरकडे जाणाऱ्या पाट्या जगभरच्या राउटरांमधून निघून गेल्या. त्या रात्री ज्यानं ८.८.८.८ ला पिंग करून पाहिलं असेल, त्याला मिनिटभरात कळलं असेल की आपलं नेट ठीक आहे. झोपून जावं.

'हे बी आम्हीच करायचं का?'

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल आणि तो रास्त आहे. ऑनलाइन कामाचा बोजा शिकवण्याचा वेळ खातो, हे कुणी नाकारू नये. शाळेला नेट देणं आणि ते दुरुस्त ठेवणं ही यंत्रणेची जबाबदारी आहे, शिक्षकाची नाही. मीही त्यासाठी तुमच्याइतकाच भांडेन.

पण भांडायलाही पुरावा लागतो. 'नेट बंद आहे' अशी तक्रार केली की समोरून 'राउटर रिस्टार्ट करा' एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी असं सांगून बघा: 'संगणकाला पत्ता मिळालाय, राउटर उत्तर देतो, त्याच्या पुढे सकाळी अकरापासून काही नाही.' आता समोरच्याला टाळता येत नाही. केंद्र सरकारनं २०११ मध्ये मंजूर केलेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेचा हेतू ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याचा होता. ग्रामपंचायतीपासून शाळेच्या टेबलापर्यंतच्या तुकड्यात बिघाड कुठं आहे हे सांगता आलं, तर जबाबदारी कुणाची हेही ठरतं.

एक सूचना मात्र पाळा. टेबल वाचायचं, बदलायचं नाही. ओळी काढायच्या, घालायच्या कमांड मोबाईलवर बघून मारू नका. राउटर बंद-चालू करायलाही हरकत नाही, पण आधी टेबलाचा फोटो काढा, मग करा.

वर्गात करून पाहा

चौथी-पाचवीला हा खेळ छान जमतो. सहा मुलांना सहा गावं करा: वसमत, औंढा, हिंगोली, परभणी, पूर्णा, नांदेड. प्रत्येकाच्या हातात एक कागद, त्यावर दोन स्तंभ: 'कुठं जायचं' आणि 'कुणाकडे द्यायचं'. शेवटची ओळ 'बाकी सगळी'. मग चिठ्ठ्या सोडा. मुलांनी फक्त आपला कागद वाचून चिठ्ठी पुढं द्यायची, बोलायचं नाही.

दोन फेऱ्या झाल्या की गुपचूप एका कागदावरची एक ओळ बदला. चिठ्ठी भलतीकडे जाईल किंवा दोघांमध्येच फिरत राहील. आता वर्गाला विचारा, चूक कुणाच्या कागदावर? पोरं आधी ज्याच्या हातात चिठ्ठी अडकली त्याच्यावरच ओरडतात. मग एकेक कागद तपासतात आणि दोष भलत्याच ठिकाणी सापडतो. परिसर अभ्यासातले रस्ते, गणितातली लहान-मोठी संख्या आणि शांतपणे शोध घेणं, तिन्ही एका तासात होतं.

पालकहो, घरी वायफाय असेल तर रविवारी मुलाला शेजारी बसवून राउट प्रिंट करून बघा. ०.०.०.० ची ओळ त्यालाच शोधू द्या.

आणि शिक्षक मित्रांनो, अर्जांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, नेट चांगलं चालू असतानाच शाळेच्या संगणकाचं टेबल एकदा बघून ठेवा. गेटवेचा पत्ता कागदावर लिहून संगणकाजवळ चिकटवा. चालू असताना टेबल कसं दिसतं हे माहीत असेल, तरच बंद पडल्यावर काय बदललं ते कळतं. तुमच्या शाळेत किती ओळी निघाल्या, नक्की कळवा.