सामान कुणाचं, खांदा कुणाचा?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या प्रताप नगरात संध्याकाळी दर दोन-चार घरांआड एक ऑटो उभा दिसतो. मुंबई-पुण्याच्या गाड्या गाठायच्या असतात ना! ऑटोवाला हॉर्न वाजवत असतो, घरधनी घड्याळ बघत फाटकात उभे असतात आणि आतून एकेक डाग बाहेर येत असतो. दोन मोठ्या बॅगा, एक मध्यम, जेवणाच्या डब्याची पिशवी, पाण्याच्या बाटल्यांची पिशवी आणि अगदी शेवटच्या क्षणी सुचलेल्या वस्तूंची आणखी एक पिशवी. मग ठरलेलं वाक्य येतंच, "किती सामान घेते गं तू! मी तर एका बॅगेत जग फिरून येईन."

मैत्रिणींनो, या वाक्याचा मला फार राग येतो.

कारण साधं आहे. 'तिची' म्हणवल्या जाणाऱ्या त्या मोठ्या बॅगेची चेन उघडून बघा. वरच सापडेल त्यांचा टॉवेल, त्यांची बीपीची गोळी, त्यांच्या मोबाइलचा चार्जर. खाली मुलांचे कपडे, धाकट्याचं पांघरूण (त्याशिवाय त्याला झोप येत नाही), सासूबाईंचं गुडघ्याचं तेल, कुणाला उलटी झाली तर प्लॅस्टिकच्या पिशव्या, सुईदोरा, मेणबत्ती, चाकू, मीठ-तिखटाची पुडी. सगळ्यात तळाशी, कोपऱ्यात दाबून, तिच्या स्वतःच्या दोन साड्या नाही तर तीन ड्रेस. पुरुषमंडळी हलका प्रवास करतात ते खरंच आहे हो, पण त्यांचं अर्धं सामान दुसऱ्याच्या बॅगेत असतं म्हणून!

तेव्हा 'कमी सामान घेऊन प्रवास करा' हा उपदेश मला मान्य आहे, शंभर टक्के मान्य आहे. फक्त तो सांगायचा कुणाला, हे आधी ठरवायला हवं.

बाईच्या सामानाबद्दलची ही चेष्टा काही आजची नाही आणि फक्त आपल्याकडची तर नाहीच नाही. अमेरिकेत नेली ब्लाय नावाची एक वार्ताहर होती. ऐंशी दिवसांत जगाची फेरी मारणाऱ्या त्या कादंबरीतल्या नायकापेक्षा कमी दिवसांत मी पृथ्वीप्रदक्षिणा करून दाखवते, असं तिने 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या आपल्या वर्तमानपत्राच्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, हे काम पुरुषाचंच. तुझ्याबरोबर सोबतीला कुणीतरी लागेल, आणि समजा एकटी गेलीस तरी तुझं सामान इतकं असेल की गाड्या आणि बोटी बदलणं जमायचं नाही. म्हणजे बाईला जग बघण्यापासून अडवायला तिच्या ट्रंका कारणी लागल्या! नेलीबाईंनी काय करावं? १४ नोव्हेंबर १८८९ ला त्या निघाल्या त्या अंगावरच्या एका ड्रेसवर, एक कोट आणि हातात जेमतेम सोळा इंच लांब, सात इंच रुंद अशी एकच बॅग घेऊन. ७२ दिवसांत जग फिरून २५ जानेवारी १८९० ला परतल्या. त्या एवढ्याशा बॅगेत कोल्ड क्रीमची एक गलेलठ्ठ बरणी तेवढी त्यांनी कोंबली होती आणि त्या बरणीने त्यांना वाटभर वैताग दिला. मला हा भाग वाचताना फार आपलेपणा वाटला.

आणि चाकांच्या बॅगेची गोष्ट तर त्याहून मजेशीर आहे. माणूस चंद्रावर उतरला १९६९ मध्ये. बॅगेला चाकं लावायची कल्पना बर्नार्ड सॅडो या अमेरिकन माणसाला त्यानंतर सुचली आणि त्याला पेटंट मिळालं १९७२ मध्ये. चंद्र आधी, चाकं नंतर! तीही बॅग दुकानदार ठेवून घ्यायला तयार होईनात. पुरुष आपलं सामान उचलूनच नेणार, बायकोचंही तोच उचलणार, मग चाकं हवीत कुणाला, असा तेव्हाचा हिशेब होता. आज आपण जी उभी, लांब दांड्याची बॅग ओढत नेतो, ती १९८७ मध्ये रॉबर्ट प्लॅथ नावाच्या एका वैमानिकाने केली. एकट्या बाईला आपलं सामान आपणच न्यावं लागेल, हे दुकानदारांच्या डोक्यात शिरायला इतकी वर्षं लागली.

पण चाकं आली म्हणून प्रश्न सुटला असं समजू नका. चाकं विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर धावतात. एसटीच्या पायऱ्यांवर ती काय करणार? रेल्वेच्या दादऱ्यावर, डब्याच्या उंच पायरीवर, वरच्या बर्थवर बॅग चढवताना शेवटी खांदा आणि कंबरच लागते. बॅगेला चाकं आहेत म्हटल्यावर आपण आणखी चार वस्तू कोंबतो, हे वेगळंच.

कंबरेवरून आठवलं. चाळिशी-पन्नाशीनंतर हाडं ठिसूळ व्हायला लागतात, पाळी थांबल्यावर तर जास्तच. बाळंतपणानंतर आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर निदान सहा आठवडे जड उचलू नका, असं डॉक्टर सांगतात. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तर जड ओझ्याने तो वाढतो. आपल्या बायका हे सगळं ऐकतात, मान डोलावतात आणि वीस किलोची बॅग सीटखाली पायाने ढकलायला लागतात. घरात पाण्याची बादली उचलू न देणारी सूनसुद्धा प्रवासात सासूबाईंच्या हातात डब्याची पिशवी देतेच.

नियमांचं काय, तर रेल्वे आपल्याला सढळ हाताने परवानगी देते. स्लीपरला आणि थ्री टायर एसीला माणशी ४० किलो, टू टायर एसीला ५०, फर्स्ट एसीला चक्क ७० किलो सामान फुकट. चाळीस किलो! चौघांच्या कुटुंबाला एकशे साठ. आमच्याकडे ही संख्या परवानगी म्हणून नव्हे, आव्हान म्हणून घेतात की काय अशी मला शंका आहे. विमानात मात्र देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलो आणि हातातली ७ किलो एवढ्यावर थांबतात. त्यामुळे बंगलोरच्या लेकीकडे जाणाऱ्या आया नागपूरच्या विमानतळावर काट्यापुढे बॅग उघडून उकिडव्या बसलेल्या दिसतात. पापड काढू की सरगुंडे? सुकं खोबरं तर बऱ्याच कंपन्या नेऊच देत नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. गोडा मसाल्याची सगळी तयारी करून निघालेल्या बाईला हे काट्यापुढे कळावं, याइतकं वाईट दुसरं काही नाही.

इथे मात्र मी थोडी अडखळते. कारण लेकीकडे, बहिणीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही हे आपल्यात किती खोल मुरलेलं आहे! नागपूरहून निघायचं आणि संत्रा बर्फी न्यायची नाही? उन्हात वाळवलेल्या कुरडया, सांडगे, मुगाच्या वड्या... हे 'सामान' नाहीच, ती माया आहे, असं कुणी म्हणेल आणि मी वाद घालणार नाही. फक्त एवढंच विचारीन, की पाच किलो माया नेली तर ती तीन किलोपेक्षा जास्त होते का? लेकीच्या स्वयंपाकघरात मागच्या वर्षीच्या कुरडयांचा डबा अजून अर्धा भरलेला असतो, हे प्रत्येक आईला माहीत आहे. तरी ती नेते.

आणि लग्न? लग्नाला हलकं जाता येतं असं जी म्हणते, तिने बहुधा लग्नच बघितलेलं नाही. हळदीला वेगळी, सीमान्तपूजनाला वेगळी, लग्नाला शालू किंवा पैठणी, रिसेप्शनला आणखी काही. जरीचं वजन वेगळं, जोडीला मॅचिंग बांगड्या, चपला. "तीच साडी परत?" हे वाक्य पूर्वी कुणी कानात कुजबुजायचं. आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मागच्या लग्नाचा फोटो पुराव्याला तयार असतो. आपल्या बॅगेतलं बरंचसं वजन कपड्यांचं नसतंच, या वाक्याचं असतं. यावर माझं मत स्पष्ट आहे. चांगली साडी दोनच काय, चार लग्नांत नेसावी. पण हे एकटीने करून भागत नाही, सगळ्या जावा-नणंदांनी मिळून ठरवलं तरच जमेल.

आपल्याकडे कमी सामानाची फार जुनी परंपरा आहे आणि ती बायकांनीही चालवलेली आहे. आषाढीची वारी बघा. आळंदी-देहूहून पंढरपूर म्हणजे अठरा-वीस दिवस, शेगावहून गजानन महाराजांच्या पालखीबरोबर निघालं तर महिनाभर. एरवी एका रात्रीच्या प्रवासाला तीन बॅगा बांधणारी बाई तिथे एक पिशवी आणि एक वळकटी एवढ्यावर निघते. तीही बरेचदा दिंडीच्या ट्रकमध्ये टाकते आणि डोक्यावर तुळस घेऊन चालते. दोन लुगडी, एक अंगावर, एक दांडीवर. नाशिकच्या भारती ठाकूर यांनी पायी नर्मदा परिक्रमा केली, पुस्तकही लिहिलं. त्या वाटेवर तर जे काही घ्यायचं ते आपल्याच पाठीवर. हे या बायकांना कसं जमतं? श्रद्धा आहे, ती आहेच. पण मला आणखी एक कारण दिसतं. तिथे बाई फक्त आपलंच सामान घेऊन निघते. नवऱ्याचा टॉवेल, मुलाचं पांघरूण, सासूबाईंचं तेल, काही काही तिच्या डोक्यावर नसतं.

म्हणून आमच्या भिशीत मी एक गोष्ट लावून धरली आहे. घरातल्या दहा वर्षांवरच्या प्रत्येकाची बॅग वेगळी आणि ज्याची त्याने भरायची. विसरला टॉवेल, तर शर्टाला पुसेल अंग! "अगं पण मग तिथं जाऊन मलाच शोधत फिराव लागते ना बाप्पा," असं एकीने म्हटलं. फिरू नकोस, एवढंच मी सांगितलं. एकदा विसरला की पुढच्या खेपेला आठवणीने घेतो, अगदी सत्तरीचे आजोबासुद्धा. दुसरं म्हणजे निघायच्या आदल्या दिवशी भरलेली बॅग उचलायची आणि घरापासून प्रताप नगर चौकापर्यंत चालत नेऊन परत आणायची. लोक हसतात, हसू देत. परत येईपर्यंत कोणत्या दोन वस्तू काढायच्या ते आपोआप सुचतं. जाड टॉवेलऐवजी आपला सुती दुपट्टा घ्या, तासाभरात वाळतो, उन्हात डोक्याला बांधता येतो, रात्री उशाला होतो. रात्री धुऊन सकाळी घालता येईल असे दोन-तीन जोड पुरतात, चार दिवसांना आणि चौदा दिवसांनाही. काटकसर करायची नाही ती औषधांवर आणि पाळीच्या सामानावर. ती दोन दिवसांची जास्तच असू द्या आणि नेहमी हातातल्या पर्समध्ये.

आता मुद्द्याचं. हे सगळं मी इतक्या तळमळीने लिहिते आहे ते आमच्या गल्लीतल्या एका काकूंमुळे. वय अडुसष्ट. काका गेले तशी त्यांची अकोल्याची बहीण त्यांना बोलावून राहिली, आणि काकू जात नव्हत्या. कारण विचारलं की एकच उत्तर, "बॅग कोण चढवून देईल?" चार वर्षं! प्रवासाची भीती नव्हती, पैशाची अडचण नव्हती. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीनंतर तर पूर्ण फुकट. गणेशपेठच्या स्टँडवरून गाडी थेट मिळते. अडलं होतं ते फक्त बॅगेवर. काकांनी घेतलेली ती भली मोठी कडक सुटकेस, रिकामीच सहा किलोची. जायचं म्हणजे तीच न्यायची, असं त्यांच्या मनाने घेतलेलं.

आम्ही दोघी-तिघी बसलो आणि त्यांना यादी करायला लावली. बहिणीकडे पांघरूण आहे, टॉवेल आहे, साबण आहे, उशी तर आहेच. मग उरलं काय? तीन साड्या, औषधं, चष्मा, जपाची माळ आणि एक डबा चिवड्याचा. खांद्याला लावायच्या कापडी पिशवीत मावलं सगळं. वजनकाट्यावर एकदा पिशवीसकट आणि एकदा पिशवीशिवाय उभ्या राहिल्या, फरक निघाला साडेतीन किलो. स्टँडपर्यंत सोडायला कुणी नको म्हणाल्या, आपल्या आपण ऑटोत बसून गेल्या.

आठ दिवसांनी परत आल्या त्या मात्र दोन पिशव्या घेऊन. बहिणीने पाच किलो तुरीची डाळ दिली होती, घरच्या शेतातली. नाही म्हणवेना. कंडक्टरने चढवून दिली म्हणे. पुढच्या महिन्यात शेगावला जायचं त्यांनी ठरवलं आहे, तिथे तरी डाळ देणारं कुणी नाही.