मातीचं चावडीवाचन

रोहिणी निघतात 25 मेला, मृग 7 जूनला. मधे एखादा वळीव जोराचा झाला तर हातातले दिवस आणखी कमी. हे आवाहन त्या उरलेल्या दिवसांसाठी आहे, म्हणून मागणी आधीच सांगून टाकतो. पेरणीच्या आत, एका सकाळी, गावातल्या सगळ्यांनी मिळून आपापल्या रानातली माती काढा. ती तपासायला पाठवा. आणि अहवाल आले की ते घरी नेऊन ठेवू नका. चावडीवर बसून मोठ्याने वाचा. सातबाऱ्याचं चावडीवाचन होतं, तसंच.

सातबारा आपण किती बारकाईने वाचतो! नाव बरोबर आहे ना, क्षेत्र गुंठ्यापर्यंत जुळतं ना, बोजा कुणाचा चढलाय. हातभर बांधासाठी सख्खे भाऊ वीस-वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढतात. पण ज्या जमिनीसाठी हे सगळं, तिच्यात आहे काय, याबद्दल त्या कागदावर एक ओळ नाही. ती सांगणारा कागद वेगळा. मृदा आरोग्य पत्रिका. फेब्रुवारी 2015 मध्ये राजस्थानातल्या सुरतगढला ही योजना सुरू झाली आणि पुढे गावोगावी पत्रिका वाटल्या गेल्या. तिच्यावर बारा नोंदी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन ही सूक्ष्म अन्नद्रव्यं.

माझी पत्रिका आमच्या घरी चार वर्षं लोणच्याच्या बरण्यांखाली होती. कागद जाड, गुळगुळीत, तेलाचा डाग सहज पुसला जातो. दोष घरच्यांचा नाही. मीच ती एकदा चाळून, काही कळलं नाही म्हणून फडताळावर टाकली होती. त्या चार वर्षांत दर हंगामाला मी दुकानात जाऊन विचारत होतो, ‘यंदा काय टाकू?’ आणि दुकानदार सांगेल ते घेत होतो. कधी अठरा-शेहेचाळीस, कधी दहा-सव्वीस-सव्वीस, वर युरिया. पीक पिवळं पडलं की आणखी एक पोतं. पुढे कृषी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ घरी आले. चहा होईपर्यंत त्यांनी तो तेलकट कागद वाचला आणि सामूच्या आकड्यावर बोट ठेवलं. 8.4. ‘तुमच्या रानात चुना आहे. तुम्ही स्फुरद घालताय आणि चुना ते धरून बसतोय. पिकाच्या तोंडी त्यातलं थोडंच लागतं.’ दहा मिनिटांची गोष्ट. ती दहा मिनिटं मला चार वर्षं कुणी दिली नाहीत आणि मीही कुणाकडे मागितली नाहीत.

गंमत बघा. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची. त्या खडकात लोह भरपूर, मातीतही भरपूर. तरी चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो, पानं शिरांमधून पिवळी होत जातात. कारण सामू जास्त असला आणि चुना असला की लोह विरघळत नाही आणि मुळांना घेता येत नाही. कोठार भरलेलं आणि किल्ली हरवलेली. सह्याद्री उतरून कोकणात गेलात तर उलटा प्रकार. तिथली जांभ्याची माती आम्ल. तिथेही स्फुरद अडकतं, पण चुन्याने नव्हे, लोह आणि ॲल्युमिनियमने. पोतं तेच, किंमत तीच, पहारेकरी वेगळा. मग रत्नागिरीतला आणि बीडमधला शेतकरी एकच डोस कसा टाकणार? आणि एकाच गावातला माळावरचा आणि ओढ्याकाठचा तरी कसा?

पत्रिकेची एक मर्यादाही सांगायला हवी. योजनेत नमुने घेतले गेले ते चौकोन आखून: बागायतीत अडीच हेक्टरला एक, जिरायतीत दहा हेक्टरला एक. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. आमच्याकडे पंचवीस एकरांत वर मुरमाड माळ असतो, मधे मध्यम काळी, खाली पाय रुतणारं भारी रान आणि एखादा चिबड तुकडा. सगळ्यांना एकच पत्रिका! देशाचा नकाशा करायला हे पुरेसं असेल, माझ्या तुकड्यात किती पोती टाकायची हे ठरवायला नाही. म्हणून ‘आमची पत्रिका आहे की’ असं म्हणून हे आवाहन बाजूला ठेवू नका.

आता, आपापली माती ज्याने त्याने तपासावी, त्यात गाव कशाला गोळा करायचं? हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला. उत्तर असं की बांध फक्त सातबाऱ्याला कळतो. वरच्या रानात पाटाने पाणी सोडलं की क्षार खालच्याच्या रानात वर येतात. कृष्णा-पंचगंगेच्या काठी हजारो एकर उसाची जमीन अशीच खारवट आणि चोपण झाली. शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला आणि पडीक रानं पुन्हा पिकाखाली आणली. ते काम एकट्याला करता येत नाही. पाइपातलं पाणी ओढ्यापर्यंत जायचं तर दुसऱ्याच्या रानातून जाणार, आणि तो ‘हो’ कधी म्हणणार? त्यालाही आपल्या मातीचं दुखणं कळलेलं असेल तेव्हा.

वाहून जाणाऱ्या मातीचंही तेच. एका एकरावरून फक्त एक मिलिमीटर माती धुपली तर ती किती होते? हिशेब सोपा आहे: जवळजवळ दीड ब्रास. घर बांधताना दीड ब्रास वाळूसाठी आपण किती घासाघीस करतो ते आठवा. ही माती एका जोराच्या पावसात जाते आणि आपण ओढ्याला गढूळ पाणी आलं म्हणून खूश होतो. एक सेंटीमीटर माती घडायला शेकडो वर्षं लागतात, आणि वाहून जातो तो नेमका वरचा, कर्बाचा थर. महात्मा फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारला सुचवलं होतं की लष्कर आणि पोलीस लावून ताली-बंधारे घाला, म्हणजे पाणी रानात मुरेल. पाण्याच्या बाबतीत ही जाण आपल्याला आता बऱ्यापैकी आली. 2016 पासून वॉटर कपच्या स्पर्धेत माणसं पहाटे उठून श्रमदानाला गेली, गावाचा ताळेबंद पाण्याच्या थेंबात मांडायला शिकली. तेवढीच माणसं, तेवढाच उत्साह, मातीसाठी एक सकाळ मागतोय.

सकाळी करायचं काय, ते नीट ऐका, कारण इथेच सगळं बिघडतं. एका एकरातल्या वरच्या 15 सेंटीमीटर मातीचं वजन आठ-नऊ लाख किलो भरतं. प्रयोगशाळेत तपासायला त्यातले काही ग्रॅम जातात. ते ग्रॅम चुकीच्या जागचे असतील तर पुढचं सगळं शास्त्र वाया. म्हणून आधी रानाचे भाग पाडा: रंग वेगळा, उतार वेगळा, मागचं पीक वेगळं, तर नमुना वेगळा. प्रत्येक भागात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणं घ्या. वरचा पालापाचोळा बाजूला करा, इंग्रजी ‘व्ही’सारखा वीतभर खड्डा करा, आतली माती काढून टाका आणि मग खड्ड्याच्या कडेची दोन बोटं जाडीची चकती वरपासून खालपर्यंत तासून घ्या. बांधाकडेची, झाडाखालची, विहिरीजवळची, उकिरड्याची आणि जनावरं बांधायच्या जागेची माती नको. सगळी माती स्वच्छ कापडावर ओतून कालवा, गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा, आत चिठ्ठी टाका. खताच्या रिकाम्या गोणीत भरू नका! तुम्ही हसाल, पण गोणीला चिकटलेलं खत तपासून आलेले अहवाल मी पाहिले आहेत. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर गंजलेली कुदळ टाळा, लाकडी खुरपं वापरा. खत टाकून झालं असेल किंवा रान ओलं झालं असेल तर नमुना बिघडला. म्हणूनच ही घाई.

पिशव्या न्यायच्या कुठे? जिल्ह्याच्या मृद सर्वेक्षण व मृद चाचणी कार्यालयात, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, किंवा राहुरी, अकोला, परभणी, दापोली या कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत. काही साखर कारखान्यांतही सोय असते. एकेकाने मोटारसायकलवर हेलपाटे घालण्यापेक्षा गावाने एक टेम्पो करावा. शंभर पिशव्या एकत्र गेल्या की तिथल्या माणसालाही गाव लक्षात राहतं.

अहवाल यायला वेळ लागेल. तोवर बसून राहायचं कारण नाही, कारण मातीचं अर्धं वाचन प्रयोगशाळेशिवाय होतं. शाळा उघडली की मुलांच्या हाती द्या. पाण्याच्या पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती घालायची, वर पाणी भरायचं, खळखळ हलवून ठेवून द्यायची. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळाला काही तास लागतात, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत तरंगत राहते. पेनाने थरांच्या खुणा करा. माळ, मधलं रान, ओढाकाठ अशा तीन बाटल्या शेजारी ठेवल्या की पोरांना कुणी व्याख्यान द्यायला नको. एखाद्या बाटलीतलं पाणी चार-चार दिवस निवळत नसेल तर ते रान चोपण असायची शंका घ्या आणि तो नमुना आधी पाठवा. ढेकळावर शाळेतलं विरल हायड्रोक्लोरिक आम्ल दोन थेंब टाकलं आणि फसफसलं तर चुना. हे मात्र विज्ञानाच्या गुरुजींनी किंवा बाईंनीच करावं, पोरांनी नाही.

आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. जुन्या सुती बनियनचे सारखे तुकडे करा आणि मृगाला वेगवेगळ्या रानांत चार बोटं खोल पुरा. दोन महिन्यांनी काढा. त्या सुमारास नागपंचमी असेल तर त्या दिवशी जमीन खणत नाहीत, तेव्हा दुसऱ्या दिवशी. जिथे माती जिवंत आहे तिथे कापडाची चाळण झालेली असेल, कुठे नुसती शिवण हातात येईल. जिथे तुकडा धुवून पुन्हा वापरता येईल असा निघाला, त्या रानाच्या मालकाला काही सांगावं लागणार नाही.

बायकांना या कामात बोलवायचं विसरू नका, असं लिहिताना मला लाज वाटते, पण लिहितो. खुरपणीला वर्षानुवर्षं जमिनीशी वाकून कोण बसतं? खुरपं कुठे खणकन वाजतं, कुठे लोण्यासारखं जातं, कुठे हरळी हटत नाही, हे पुरुषांपेक्षा त्यांना नेमकं ठाऊक असतं. रानाचे भाग पाडायला त्यांनाच पुढे करा. शिवाय घटस्थापनेला रानातली माती आणून घट कोण बसवतं, कोणत्या मातीत धान्य जोरात उगवतं हे नऊ दिवस कोण बघतं? ते मातीपरीक्षणच आहे, फक्त आकडे नसलेलं.

मग चावडीवाचन. ग्रामसभेचा दिवस धरा किंवा देवळाच्या ओट्यावर बसा. कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांना आणि कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांना बोलवा, पण माईक गावाकडे ठेवा. एकेक अहवाल घ्यायचा आणि तीनच आकडे आधी वाचायचे: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. कर्ब 0.40 टक्क्यांच्या खाली असेल तर कमी समजा. ज्याचा कर्ब त्याच शिवारात जास्त निघेल, त्याला उभं करून विचारा: काय करतोस बाबा? बहुतेक वेळा उत्तर साधं असतं. तो पाचट पेटवत नाही, कुट्टी करून सरीतच ठेवतो. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं आणि आपल्याकडे रात्री जाळाच्या रांगा दिसतात. शेजाऱ्याचा आकडा कानावर पडला की जे होतं ते दहा शिबिरांनी होत नाही. आकडा कमी आला म्हणून कुणाची टर उडवू नका, एवढं पथ्य पाळा. पुढच्या वर्षी तो माणूस पिशवी घेऊन येणार नाही.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांनो, तुमचं नाव सातबाऱ्यावर आहे आणि रान बटईने दिलेलं आहे. वर्षाच्या करारावर कसणारा माणूस त्यात शेणखत कशाला ओतेल? दोन ट्रॉल्या टाकल्या तर त्याचा फायदा पुढच्या वर्षी दुसऱ्याला. करार निदान तीन वर्षांचा करा आणि खताचा अर्धा खर्च उचला. गावाच्या टेम्पोचं भाडंही तुम्ही दिलंत तर चालेल. कृषी महाविद्यालयांच्या प्राचार्यांना विनंती: तुमचे कृषिदूत आणि कृषिकन्या दरवर्षी गावात येतात, नमुना कसा घ्यायचा याचं प्रात्यक्षिक होतं, फोटो निघतो, बॅनर गुंडाळला जातो. यंदा त्यांना एकेका गल्लीचे अहवाल वाटून द्या आणि घरोघरी वाचून दाखवायला सांगा. आणि खतांच्या दुकानदारांनो, गिऱ्हाईक समोर आलं की एकदा विचारा, ‘अहवाल आणलाय का?’ धंदा बुडणार नाही. उधारी बुडायची भीती मात्र थोडी कमी होईल.

येत्या रविवारी ऊन चढायच्या आत, सहा-साडेसहाला सुरुवात करा. कुदळ, घमेलं, जुनं धोतर किंवा चादर, कापडी पिशव्या, वहीचे कागद आणि पेन्सिल. शाईची चिठ्ठी ओल लागली की फुटते. त्याआधी आज रात्री एक काम करा. फडताळावरची, पेटीतली, बरण्यांखालची ती पत्रिका शोधून काढा आणि तिच्यावरची तारीख बघा. तीन वर्षांहून जुनी असेल तर रविवारच्या यादीत तुमचं नाव धरलंय.